ब्रिटनला लोकशाही खरंच ‘शांततेत’ मिळाली का? काही लढे शेजारी शेजारी ठेवून पाहताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की फ्रान्सने क्रांती करून हक्क मिळवले आणि ब्रिटनने ते हळूहळू, शांततेत, कायदे करून मिळवले. हे कितपत खरं? आणि मॅग्ना कार्टा, १६८८ ची ‘वैभवशाली क्रांती’, १८३२ चा सुधारणा कायदा, चार्टिस्ट चळवळ आणि स्त्रियांचा मताधिकार यांची तुलना करायची तर निकष कोणता लावायचा? शेवटी एक जोडप्रश्नही आहे : यातलं आपल्याकडे काय आलं?

पदवीच्या वर्गांना हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. पण लांबण लावण्यासारखाच विषय आहे.

‘शांततेत’ हा शब्द आधी खोडून टाका. ज्या देशाने फ्रान्सच्या १४४ वर्षं आधी, ३० जानेवारी १६४९ ला, स्वतःच्या राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं भर लंडनमध्ये, व्हाइटहॉलच्या मेजवानीगृहाबाहेर उडवलं, त्याला शांत कसं म्हणायचं? १६८८ ची क्रांती ‘रक्तहीन’ असं आपण परीक्षेत लिहितो. ती इंग्लंडपुरती बरीचशी तशी होती. आयर्लंडमध्ये त्याच क्रांतीचा हिशेब १६९० ला बॉइन नदीकाठी लढाईत चुकता झाला आणि स्कॉटलंडमध्ये १६९२ ला ग्लेनकोच्या हत्याकांडात. १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर निःशस्त्र सभेत घोडदळ घुसलं. १८३१ ला ब्रिस्टल तीन दिवस जळत होतं. १८३९ ला वेल्समधल्या न्यूपोर्टला वेस्टगेट हॉटेलातून सैनिकांनी गोळीबार केला, वीसेक माणसं मेली.

‘हळूहळू’ हा शब्द मात्र बरोबर आहे. तो इतका बरोबर आहे की त्याचं कारण शोधलं तर तुमच्या निकषाचा प्रश्नही सुटतो. मी मुलांना सांगते : लढा कोणी सुरू केला, नेता कोण, तारीख काय हे सगळं ठीक आहे, पण समेट झाला त्या दिवशी दाराबाहेर कोण उभं राहिलं ते आधी पाहा. ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी लढणारे एक आणि पदरात पाडून घेणारे दुसरे असं झालं आहे. आणि बरेचदा हा अपघात नव्हता. वरच्यांनी पुढच्या एका थराला आत घेतलं ते त्याला खालच्या थरापासून तोडण्यासाठीच.

मॅग्ना कार्टापासून सुरुवात करू, पण तिथे फार रेंगाळू नका. जॉन राजाने १२०४ ला नॉर्मंडी गमावली, ती परत मिळवण्यासाठी सरदारांकडून पैसा उकळला, आणि १२१४ ला बूव्हीनच्या लढाईत त्याचे साथीदार हरल्यावर तो सगळा खर्च पाण्यात गेला. पुढच्याच वर्षी १५ जूनला रनिमीडच्या कुरणात सरदारांनी त्याच्याकडून सनद मान्य करून घेतली. अडीच महिन्यांच्या आत पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्द ठरवली आणि युद्ध पेटलं. म्हणजे तह म्हणून ती सपशेल फसली. ती जगली ती पुढच्या वर्षी जॉन मेल्यावर, कारण त्याचा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याच्या पालकांना सरदारांची मनधरणी करणं भाग होतं. १२१६, १२१७ आणि १२२५ ला ती सुधारून पुन्हा काढली गेली. कायद्याच्या निवाड्याशिवाय कोणत्याही ‘स्वतंत्र माणसाला’ पकडायचं नाही, हे तिचं गाजलेलं कलम. पण त्या काळच्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचा मोठा हिस्सा जमिनीला बांधलेल्या कुळांचा होता, ती माणसं ‘स्वतंत्र’ या शब्दात बसतच नव्हती.

सनदेला आजचा मान मिळाला तो सतराव्या शतकात. एडवर्ड कोकसारख्या कायदेपंडितांनी चार्ल्स राजाच्या विरोधात ती जुन्या पेटीतून बाहेर काढली आणि सरदारांच्या करारनाम्याला सगळ्या इंग्रजांच्या हक्कांची सनद करून टाकलं. इतिहासाचं असं सोयीस्कर वाचन ब्रिटिश राजकारणात वारंवार दिसतं. नवी मागणी करायची, पण ‘आमचं जुनंच परत द्या’ असं म्हणून.

आता १६४७. अभ्यासक्रमात याला एखादी ओळ मिळते, माझ्या मते सगळ्यात जास्त जागा यालाच द्यायला हवी. चार्ल्स आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात राजा हरलेला, कैदेत. संसदेचं सैन्य जिंकलेलं, पण पगार थकलेले. ऑक्टोबरच्या २८ तारखेपासून लंडनजवळच्या पटनी गावातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये सैन्याची बैठक बसली. सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल अध्यक्षस्थानी. समोर अधिकारी, आणि साध्या शिपायांनी निवडून पाठवलेले प्रतिनिधी. युरोपातल्या कोणत्या सैन्यात तेव्हा शिपाई सेनापतीसमोर बसून राज्यघटनेवर वाद घालत होते? चर्चा मताधिकारावर आली तेव्हा कर्नल थॉमस रेन्सबरो म्हणाला, की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसाइतकंच आपलं आयुष्य जगायचं असतं. म्हणून ज्या सरकारच्या हाताखाली त्याला राहायचं आहे त्याला त्याची स्वतःची संमती हवी. क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टनने उत्तर दिलं की ज्याचा या राज्यात कायमचा, पक्का हितसंबंध नाही, म्हणजे जमीन किंवा व्यापारी हक्क नाही, त्याला राज्यकारभारात वाटा मागता येणार नाही. आज मत मागाल, उद्या मालमत्ता मागाल, अशी त्याची भीती होती.

पुढची पावणेतीनशे वर्षं ब्रिटनमध्ये जो वाद चालला तो याच दोन माणसांचा. पुढचे लोक फक्त आकडे बदलत गेले. आणि गंमत अशी की हा वाद शब्दशः आपल्यापर्यंत पोचला तो सैन्याचा सचिव विल्यम क्लार्क याने लघुलिपीत उतरवून घेतला म्हणून. ते कागद ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात पडून होते, छापले गेले ते थेट १८९० च्या दशकात. म्हणजे चार्टिस्टांना, १८३८ पासून प्रत्येक पुरुषाला मत मागणाऱ्या कामगारांना, रेन्सबरोचं हे वाक्य माहीतच नव्हतं. तरी त्यांची मागणी तीच होती. शिपायांच्या पदरात काय पडलं? १६४९ च्या मे महिन्यात क्रॉमवेलने बंडखोर लेव्हलर (सगळ्यांना समान राजकीय हक्क मागणाऱ्या) शिपायांना बर्फर्डच्या चर्चमध्ये कोंडलं आणि तिघांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या.

१६८८ मधून खालचा माणूस गायबच आहे. सात बड्या लोकांनी हॉलंडच्या विल्यमला पत्र लिहून बोलावलं, तो ५ नोव्हेंबरला फौजेसह उतरला, राजा दुसरा जेम्स पळाला. पुढच्या वर्षीच्या हक्कांच्या कायद्याने संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात तिच्या संमतीशिवाय खडं सैन्य नाही, संसदेतल्या भाषणाबद्दल खटला नाही, हे पक्कं झालं. परीक्षेत हीच कलमं विचारतात, पण गाडं फिरलं ते पैशाने. विल्यमला फ्रान्सशी लढायचं होतं आणि त्याला दर वर्षी पैसा लागत होता. तो संसदेशिवाय मिळत नव्हता. १६८९ नंतर असं एकही वर्ष गेलेलं नाही की संसद भरली नाही. १६९४ ला बँक ऑफ इंग्लंड निघाली ती याच युद्धाच्या कर्जासाठी. राजाची थैली संसदेच्या हाती गेली, पण ती संसद कोणाची? जमीनदारांची. कॅथलिक लोक तर पुढची जवळजवळ दीडशे वर्षं तिच्या बाहेरच राहिले.

कॅथलिकांचं निघालंच आहे तर एक छोटं उदाहरण देते, कारण माझा मुद्दा त्यात सगळ्यात उघडा दिसतो. १८२८ ला आयर्लंडमधल्या क्लेअर मतदारसंघात डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक पुढारी निवडून आला. त्याला मतं दिली ती चाळीस शिलिंगांच्या जमिनीवर मताधिकार मिळालेल्या छोट्या शेतकऱ्यांनी, जमीनदारांच्या तोंडावर. सरकार हादरलं आणि १८२९ ला कॅथलिकांना संसदेत बसायचा हक्क मिळाला. पण त्याच वेळी आयर्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांत मताची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे पाचपट नेली. ज्यांच्या मतांनी विजय मिळाला त्यांचीच मतं गेली.

१८३२ ला याच युक्तीचा मोठा प्रयोग झाला. परिस्थिती तुम्हाला माहीत असेलच : ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकडीचे दोन खासदार, आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांचा एकही नाही. मार्च १८३१ मध्ये विधेयकाचं दुसरं वाचन ३०२ विरुद्ध ३०१, एका मताने पार पडलं. ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे उमरावांच्या वरच्या सभागृहाने, ते फेटाळलं आणि नॉटिंगहॅमचा किल्ला, ब्रिस्टलचा बिशपचा वाडा पेटला. मे १८३२ मध्ये लॉर्ड्समध्ये विधेयकाला बहुमत मिळावं म्हणून नवे उमराव नेमायला राजाने नकार दिला, पंतप्रधान ग्रेचं मंत्रिमंडळ गेलं, सुधारणेचा विरोधक ड्यूक ऑफ वेलिंग्टन सरकार बनवायला निघाला. तेव्हा लंडनच्या भिंतींवर फलक लागले : ड्यूकला थांबवायचं असेल तर सोनं काढा. ही फ्रान्सिस प्लेस या शिंप्याची कल्पना. लोक बँकेत नोटा देऊन सोनं मागू लागले. जाळपोळीपेक्षा याची धास्ती जास्त होती, कारण दंगल सैन्याने मोडता येते, बँकेसमोरची रांग मोडता येत नाही. वेलिंग्टनला सरकार बनवता आलं नाही, राजा नमला, उमरावांनी मुकाट्याने विधेयक जाऊ दिलं.

पण ग्रे काय म्हणाला होता? आपल्या सुधारणेचं तत्त्वच क्रांतीची गरज टाळणं हे आहे, आणि सार्वत्रिक मताधिकाराचा माझ्याइतका कट्टर विरोधक दुसरा नाही. मेकॉलेने खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, सांगितलं होतं : टिकवायचं असेल तर सुधारणा करा. हो, आपला शिक्षणवाला मेकॉलेच. विधेयकाच्या बाजूने त्याची भाषणं गाजली, नंतर तो चार वर्षं हिंदुस्थानात येऊन गेला, आणि १८४२ ला चार्टिस्टांचा अर्ज आला तेव्हा तोच माणूस उठून म्हणाला की सार्वत्रिक मताधिकार म्हणजे मालमत्तेचा आणि पर्यायाने सभ्यतेचा अंत. यात विसंगती शोधू नका. १८३१ ला आणि १८४२ ला तो एकच गोष्ट सांगत होता. गर्दीच्या लोकलमध्ये कसाबसा शिरलेला माणूस पुढच्या स्टेशनवर ‘आत जागा नाही’ म्हणून ओरडतो, तसं हे.

वर्षाला दहा पौंड भाड्याच्या किमतीचं घर असलेल्या शहरी पुरुषाला मत मिळालं. इंग्लंड-वेल्समध्ये साधारण पाच प्रौढ पुरुषांतला एक मतदार झाला. मोर्चांतले बहुतेक कामगार बाहेर. इतकंच नाही, प्रेस्टनसारख्या काही गावांत जवळजवळ सगळ्या पुरुषांना जुन्या रिवाजाने मत होतं, तो रिवाज आता हयात मतदारांपुरता उरला. प्रेस्टनचा खासदार होता हेन्री हंट. १८१९ च्या मँचेस्टरच्या सभेत हाच वक्ता होता आणि त्यासाठी अडीच वर्षं तुरुंगात बसून आला होता. हे विधेयक मध्यमवर्गाला कामगारांपासून तोडेल असं तो ओरडून सांगत होता, कोणी ऐकलं नाही. डिसेंबर १८३२ च्या निवडणुकीत त्याची जागाही गेली. त्याआधी ऑगस्टमध्ये त्याने यॉर्कशरच्या मेरी स्मिथ नावाच्या बाईचा अर्ज सभागृहात मांडला : मी कर भरते, मग मला मत का नाही? सदस्य हसले. नव्या कायद्यात मतदार ‘पुरुष’ असावा असं प्रथमच स्पष्ट लिहिलं गेलं होतं. म्हणजे सुधारणेच्या कायद्याने एक दार नव्याने बंदही केलं.

चार्टिस्ट हे १८३२ च्या फसवणुकीतून जन्मले. १८३८ ची सनद (‘चार्टर’), सहा मागण्या : प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, समान मतदारसंघ, खासदाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, दर वर्षी निवडणूक. १८३९ च्या अर्जावर बारा लाखांहून जास्त सह्या, १८४२ च्या अर्जावर तेहतीस लाख. दोन्ही वेळा सभागृहाने प्रचंड बहुमताने झटकून टाकले. १० एप्रिल १८४८ ला केनिंग्टनच्या मैदानावर मोठी सभा झाली, तेव्हा राणीला आधीच आइल ऑफ वाइटला हलवलं होतं आणि हजारो मध्यमवर्गीय हातात दंडुका घेऊन हंगामी शिपाई झाले होते. त्यांत पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही होता! अर्जावर राणीची आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनची खोटी सही निघाली, वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली आणि चळवळ ओसरली.

का हरले? ‘मध्यममार्गी विरुद्ध जहाल अशी फूट’ हे नोट्समधलं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. स्त्रियांच्या चळवळीतही तशी फूट होती, ती हरली नाही. फरक वरच्या बाजूला होता. १८३२ ला वरचा वर्ग फाटलेला होता आणि मध्यमवर्ग रस्त्याच्या बाजूला होता. १८४८ ला वरचा वर्ग एक होता आणि मध्यमवर्ग दंडुका घेऊन उभा होता. शेजारी ठेवायला उत्तम उदाहरण म्हणजे परदेशी धान्यावर जकात बसवणाऱ्या धान्य कायद्याविरुद्धची कॉब्डेन आणि ब्राइट यांची मोहीम. तोच काळ, तीच शहरं. तिच्यामागे गिरणीमालकांचा पैसा होता, आणि पील पंतप्रधान असताना त्याचा स्वतःचाच पक्ष फुटला. १८४६ ला कायदा रद्द.

तरी सहापैकी पाच मागण्या पुढे मान्य झाल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. कशा झाल्या ते कमी सांगतात. १८६६ ला हाइड पार्कमध्ये मताधिकाराच्या सभेला बंदी घातली, गर्दीने लोखंडी कठडे पाडले. पुढच्या वर्षी मोठा कायदा आणला तो उदारमतवाद्यांनी नव्हे, डिझरेलीच्या हुजूर पक्षाने! उदारमतवादी ग्लॅडस्टनचं विधेयक त्याच्याच पक्षातल्या बंडखोरांनी पाडलं होतं. डिझरेलीकडे बहुमत नव्हतं आणि ग्लॅडस्टनवर मात करायची होती, म्हणून तो दुरुस्तीमागून दुरुस्ती स्वीकारत गेला. मतदार जवळजवळ दुप्पट झाले. स्पर्धा वर, लाभ खाली. शेतमजूर मात्र १८८४ पर्यंत थांबले.

गुप्त मतदान १८७२ चं. त्याआधी मतदाराने चौथऱ्यावर जाऊन सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव सांगायचं, आणि कोणी कोणाला मत दिलं त्याच्या याद्या छापून विकत मिळायच्या. जमीनदाराच्या कुळाने काय करायचं? पहिलं गुप्त मतदान यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत १५ ऑगस्टला झालं. मतपेटीला मोहोर लावली ती गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्याची. ती पेटी अजून जपलेली आहे.

लॉर्ड्सची नांगी १९११ ला ठेचली गेली, त्यावर फार लिहीत नाही. फक्त १८३२ शी ताडून पाहा. पुन्हा पैशाचा मुद्दा (१९०९ चं अंदाजपत्रक), पुन्हा नवे उमराव नेमायची धमकी, पुन्हा माघार.

स्त्रियांच्या बाबतीत वर्गात नेहमी एकच प्रश्न येतो : काचा फोडणाऱ्या पँकहर्स्टबाईंमुळे मत मिळालं की अर्ज-सभा करणाऱ्या फॉसेटबाईंमुळे? दोघींची गरज होती, पण १९१८ चा कायदा ज्या दारातून आला ते दार तिसरंच होतं. पहिल्या महायुद्धावर गेलेल्या सैनिकांची घराच्या वास्तव्याची अट मोडली, त्यांची नावं यादीतून उडणार होती. तोवर तर जवळजवळ चाळीस टक्के प्रौढ पुरुषांनाही मत नव्हतं. यादी दुरुस्त करायला बसले तेव्हा स्त्रियांचा प्रश्न टाळता येईना. मग मत दिलं कोणाला? तीस वर्षांवरील, आणि स्वतः घरधारक किंवा घरधारकाची बायको असलेल्या स्त्रीला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबल्या त्या बहुतेक विशी-पंचविशीच्या मुली, त्यांना नाही. युद्धानंतर स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती, त्या बहुसंख्य मतदार होऊ नयेत हा साधा हिशेब. समान हक्क जुलै १९२८ ला मिळाला. एमेलिन पँकहर्स्ट त्याआधी काही आठवडे, १४ जूनला वारल्या.

आता आपल्याकडचा धागा. दादाभाई नौरोजी १८९२ ला लंडनच्या मध्य फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले, हे सगळ्यांना पाठ असतं. १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी कारागीर-कामगार मतदार यादीत आले नसते तर ती पाच मतं कुठून आली असती, हेही जोडून लिहीत जा. दुसरा धागा कमी माहीत आहे. १९१९ ला हिंदुस्थानातला मताधिकार ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने हिंदी स्त्रियांना मत नको म्हटलं, तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन साक्ष द्यायला लंडनला गेल्या. संसदेने निर्णय प्रांतांवर सोडला, आणि १९२१ ला मद्रासपाठोपाठ मुंबई इलाख्यानेही स्त्रियांना मत दिलं. अर्थात पुरुषांना होती तीच मालमत्तेची अट घालून. १९३५ च्या कायद्यात यादी वाढवायची वेळ आली तेव्हा ‘मतदार पुरुषाची बायको’ ही पात्रता आली, थेट १९१८ च्या ब्रिटिश कायद्याच्या वळणाची.

आयर्टनची मालमत्तेची अट आपल्या राज्यघटनेने २६ जानेवारी १९५० ला एका फटक्यात काढून टाकली. ब्रिटनमध्ये धंद्याच्या जागेचं आणि विद्यापीठाचं जादा मत १९४८ च्या कायद्यापर्यंत चालू होतं. त्याशिवायची त्यांची पहिली सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारी १९५० मध्ये झाली.